दादाला राजाचं नागपूर दाखवताना

माझा मोठा भाऊ सावनेरजवळच्या आमच्या गावी संत्र्याची बाग करतो. काही वर्षांपूर्वी विहिरीतून मोटर काढताना दोर तुटला, दादा खाली पडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर. मी नागपुरातच राहते, पण त्याच्यासाठी नागपूर म्हणजे फक्त दवाखाना. गेल्या हिवाळ्यात तपासणी लवकर आटोपली, तेव्हा तो म्हणाला, "या खेपेला मले राजाचं नागपूर पाहू दे वं."

महाल भागातली राजांच्या काळची एक इमारत नुकतीच डागडुजी करून लोकांसाठी उघडली होती. मी आधीच फोन करून विचारलं होतं. रॅम्प आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं होतं.

रॅम्प होता. त्यावर वरपासून खालपर्यंत शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या होत्या आणि तोंडाशी साखळी लावून कुलूप घातलं होतं.

उद्घाटनाची सजावट तशीच राहिली, किल्ली साहेबांकडे असते, असं दारावरच्या गार्डानं सांगितलं. मग दादाकडे न बघता तो मला म्हणाला, "यांना इथंच सावलीत बसवा. तुम्ही आतून फोटो काढून आणा, त्यांना दाखवा."

माझं डोकंच फिरलं. दादाचे पाय गेले होते, कान नव्हते गेले. जे सांगायचं ते त्यालाच सांगा, असं मी गार्डाला सुनावलं. आवाज ऐकून व्यवस्थापक बाहेर आला. गोड बोलून त्यानं तोडगा सुचवला, की चार माणसं खुर्चीसकट उचलून आत नेतील.

दादानं त्याचं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी पोतं नाही गा. रस्ता हाये ना? मंग तो काहून झाकून ठेवला?"

एवढं बोलून त्यानं स्वतःच चाकं फिरवली आणि मुख्य पायऱ्यांसमोर खुर्ची आडवी लावली. रांग थांबली. लोक कुरकुरले, पण आमच्यावर. जरा समजून घ्या, असं आम्हालाच म्हणणारे होते. एका बाईनं 'बिचारे' म्हणत त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो मी बाजूला केला. मग साखळी ओलांडून मी एकेक कुंडी खाली ठेवायला लागले. साडी चिखलानं भरली, मनगटं भरून आली. मदतीला एकही हात पुढे आला नाही, मोबाइल मात्र तीन-चार वर झाले. रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा कुठे व्यवस्थापकाच्या टेबलातच किल्ली सापडली.

आत दादानं सागवानी खांबांवरची नक्षी बोटांनी चाचपून पाहिली. दालनातल्या तलवारी, जुने नकाशे, सगळं सावकाश बघितलं. खूश होता तो. मला मात्र काहीच दिसत नव्हतं, मी आतल्या आत धुमसत होते.

आणि परत निघालो तर दोन माणसं रॅम्पवर पुन्हा कुंड्या मांडत होती.

मी धावणारच होते, पण दादानं माझा हात धरला. त्या दोघांना तो हळूच म्हणाला, "काढा भाऊ. समोरच्या पायऱ्याइवर मांडा." ती दोघं व्यवस्थापकाकडे बघत राहिली. व्यवस्थापक रागानं लाल झाला होता. दादा जागचा हलेना. शेवटी कुंड्या पायऱ्यांच्या कडेला गेल्या आणि आम्ही रॅम्पवरून खाली आलो.

रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. लोकांना वाटलं असेल, वाईट वाटून रडते आहे. ते रडणं संतापाचं होतं.