भिणाऱ्या माणसाची जागा

“भ्यायचं तर भ्या, सर. पण जागचं हालू नका.”

त्यांच्या घरामागच्या रानात हवालदारांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा मी एका बाभळीला पाठ लावून उभा होतो आणि लांब पायांची, बरगड्या मोजता येतील अशी एक कुत्री थेट माझ्या रोखानं पळत येत होती. हातभर अंतरावरून ती गेली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. समोरच्या सिमेंटच्या नळ्यात शिरली आणि पलीकडून बाहेर पडली. मी मान वळवली तेव्हा हवालदार समाधानानं मान हलवत होते.

“तुमी छान भिता,” ते म्हणाले.

गाव त्यांना हवालदार म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो. लष्करात ते कुत्र्यांच्या तुकडीत होते. निवृत्त होऊन चारठाण्याच्या अलीकडच्या आमच्या गावी परतले, ते पत्र्याची ट्रंक, एक शिट्टी आणि कुत्र्यांना शिकवायची सवय घेऊन. बायको आधीच वारली होती, मुलगी नांदेडकडे दिलेली. बौद्धवाड्याच्या टोकाला त्यांचं दोन खणांचं घर होतं आणि घरामागे पडीक रान. त्या रानात त्यांनी आपलं मैदान मांडलं होतं. तुम्ही ते पाहिलं असतं तर कुणाच्या तरी खळ्यातला पसारा वाऱ्यानं विस्कटलाय असं तुम्हाला वाटलं असतं. सडकेच्या कामावरून उरलेला नळा, उडी मारायला कडब्याच्या पेंढ्यांचे दोन आडवे ढीग, दोन दगडांवर टाकलेली फळी आणि एका ओळीत रोवलेल्या बारा तुराट्या. त्या तुराट्यांतून कुत्र्यानं एकीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून असं नागमोडी पळायचं. एकही तुराटी हलता कामा नये.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असायची. हवालदार कुत्र्यांवरचं पुस्तक मागायला आले आणि त्यांच्या मागून त्यांची कुत्री मैना वर्गात शिरली. मी खुर्चीवर चढलो. पोरं हसली. हवालदार हसले नाहीत. त्यांनी मला नीट निरखलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरामागं यायला सांगितलं.

माझ्या भिण्याला कारण होतं. लहानपणी सोनपेठच्या बाजारात मला कुत्रं चावलं होतं. पोटात, बेंबीभोवती, रोज एक अशी चौदा इंजेक्शनं मी घेतली होती. हवालदारांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तर तुमीच पायजे. त्यांचं म्हणणं असं, की मैदानात माणसं कुत्र्याला बघून अंग चोरतात. कुत्र्याला त्या भीतीचा वास येतो. ते त्या वासाकडे वळलं की शर्यत तिथंच संपली. म्हणून अडथळ्यांच्या मधोमध रोज एक भिणारा माणूस उभा पाहिजे. “अन् गावात तुमच्याइतकं कोण भीत न्हाई.”

सहा वर्षं मी त्या बाभळीपाशी उभा राहिलो. सराव संपला की ते हॉटेलातून चहा मागवायचे. तो हॉटेलच्याच कपात यायचा आणि मी तो उभ्यानं प्यायचो. त्यांनी घरातलं पाणी कधी विचारलं नाही, मी कधी मागितलं नाही. त्यात काही आहे हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दर हिवाळ्यात परभणीला जनावरांचं प्रदर्शन भरायचं. त्यात एक दिवस कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत असे. साहेब लोकांची अल्सेशियन कुत्री चामडी पट्टे लावून जीपमधून यायची. आमची मैना यष्टीच्या मागच्या सीटखाली बसून यायची. एका वर्षी फळीपाशी घड्याळ घेऊन उभा असलेला पंच जाडजूड होता आणि कुत्रं फळीवर चढलं की पोट आत ओढून एक पाऊल मागं सरायचा. एक अल्सेशियन फळीवर मध्येच थांबून त्याच्याकडे बघत राहिलं. दुसरं खाली उतरून त्याचा बूट हुंगायला लागलं. हवालदारांनी मला कोपरानं ढोसलं.

“तुमचा भाऊ हाय बघा.”

मैना त्याच्या पोटाला घासून गेली, पण वळली नाही. पहिला नंबर आला. प्रमाणपत्र बैलांसाठी छापलेलं होतं. ‘बैलाचे नाव’ यातला बैल खोडून कारकुनानं मैना लिहिलं. खाली जातीचा रकाना होता. “जात?” त्यानं मान वर न करता विचारलं. हवालदार गप्प झाले. “कुत्रीची हो,” कारकून म्हणाला. “कारवान,” हवालदारांनी सांगितलं. परतीच्या यष्टीत ते त्यावर जिंतूर येईपर्यंत हसत होते. मला हसता आलं नाही. ते गप्प झाले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

शर्यतीत नाव घालायचं तर पिसाळू नये म्हणून लस टोचल्याचा दाखला लागे. मैनाला दर वर्षी जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन ते लस टोचून आणत. त्यांच्याकडे शेरा नावाचा दुसरा एक म्हातारा कुत्रा होता. तो शर्यतीत नव्हता. त्याचा दाखला कुणी मागितला नव्हता.

सहाव्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी शेराचा खालचा जबडा लोंबायला लागला. लाळ गळत होती. भुंकायला जायचा आणि नुसता घोगरा आवाज निघायचा. तो कुणाच्या अंगावर गेला नाही, कोपऱ्यात बसून होता. हवालदारांनी अशी पुष्कळ कुत्री पाहिली होती. घशात हाड अडकलं की जबडा असाच पडतो. “हाड हाय,” ते म्हणाले. त्यांनी बाही सारली आणि मनगटापर्यंत हात शेराच्या तोंडात घातला. मला म्हणाले, सर, जरा जबडा धरा. मी गेलो नाही. बराच वेळ ते चाचपत होते. हात बाहेर आला तेव्हा बोटांच्या मागं दातांचे दोन ओरखडे होते. हाड सापडलं नव्हतं.

तुम्ही किंवा मी त्या तोंडात हात घातला नसता. कुत्र्यांत आयुष्य गेलेला माणूसच ती चूक करू शकतो.

तिसऱ्या दिवशी शेरा मेला. हवालदार जिंतूरला जनावरांच्या डॉक्टरांना भेटून आले आणि शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मी तास सोडून बाहेर गेलो.

“सर, ते हाड न्हवतं.”

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे चवताळून धावणारं, असं आपण समजतो. काही कुत्र्यांना ते असं मुकाट येतं. जबड्यातलं बळ जातं, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं हाडच अडकलंय.

इंजेक्शनं तेव्हा परभणीलाच मिळायची. दोन यष्ट्या बदलून ते रोज जायला लागले. दुखतं का, म्हणून मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यावर ते म्हणाले, कुत्र्याला सुई देताना मी आयुष्यभर सांगत आलो, दुखत न्हाई म्हणून.

पाच झाली आणि विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. पुढं दलितांच्या वस्त्यांवर काय काय झालं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. सहाव्या इंजेक्शनाला गेलेले हवालदार दुपारीच परत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, रानारानातून. वाटेत यष्टी अडवली होती.

“नाव विचारायलेत, सर. एकेकाला खाली उतरवून नाव विचारायलेत. मी आधीच उतरलो अन् रानात शिरलो.” त्यांनी मैनाकडे बघितलं. “पिसाळलेलं कुत्रं बी नाव विचारत न्हाई.”

मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मागं रोगाचं मरण आणि पुढं रस्त्यावरचं. कुठं जायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मला मात्र रस्त्यात भ्यायचं कारण नव्हतं. आम्ही लिंगायत, आमचं किराणा दुकान, माझ्या गळ्यात लिंग, आडनाव साऱ्या मुलखाला माहीत. मी जाऊन बर्फात घालून इंजेक्शनं आणू शकत होतो. हे मला त्याच दुपारी कळलं होतं. त्या दिवशी मी म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत गेलो, शेजारच्या गावावर धूर दिसला, परत फिरलो. तिसऱ्या दिवशी घराबाहेर पडलोच नाही. आईनं जाऊ दिलं नाही, असं हवालदारांना कळवलं. आईनं मला काहीच म्हटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी हेडमास्तरांचा थर्मास घेऊन खताच्या ट्रकमधून गेलो. वाटेत दोनदा नाव विचारलं. दोन्ही वेळा मी ते आडनावासकट चटकन सांगितलं. “सर, जावा तुमी,” एकजण हात जोडून म्हणाला. माझ्याच वर्गात शिकून गेलेला होता. परभणीच्या डॉक्टरांनी मध्ये चार दिवस गेल्याचं ऐकून पेन खाली ठेवलं. राहिलेली द्या म्हणाले, पण पुढचं सांगता येत नाही. तीन महिने जाऊ द्या. पाणी पितात का ते बघत राहा, रोग उठला तर पाणी गिळवत नाही. त्यांनी तीन दिवसांची औषधं दिली. ती गावच्या कंपाउंडरानं टोचली. मग रस्ता सुरू झाला आणि उरलेली हवालदार स्वतः जाऊन घेऊन आले.

त्यानंतर रोज शाळेच्या आधी मी त्यांच्याकडे जायचो. ते दारात यायचे, माझ्यासमोर गिलासभर पाणी भरायचे आणि घटाघटा प्यायचे. गिलास उलटा करून दाखवायचे.

“आज न्हाई,” म्हणायचे.

मग मला श्वास घेता यायचा, उद्या सकाळपर्यंत.

एकदा मी म्हणालो, हवालदार, मलाही थोडं पाणी द्या. ते बघतच राहिले. सहा वर्षांत मी ते पहिल्यांदा मागत होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी गिलास पाठीमागं धरला. “ह्या घरात न्हाई, सर. तीन महिने न्हाई.” मी पुन्हा मागितलं नाही. त्यांच्यावर रागवायचा मला हक्क नव्हता.

मैनाला त्यांनी हात लावायचं सोडलं होतं. लांबून खुणा करायचे आणि तिला पळवायचं काम मला दिलं होतं. मी नाही राहिलो तर हिला हिवाळ्यात परभणीला कोण नेणार, असं ते इतक्या सहज म्हणाले की मला नाही म्हणता आलं नाही. मग धोतराचा सोगा खोचून मी कडब्याच्या पेंढ्यांशेजारून धावायचो. वस्तीतल्या बाया कामं टाकून बघायला यायच्या. कुत्री शर्यतीत हाय का मास्तर, असं एकीनं विचारलं, आणि हवालदार कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. मैना माझं ऐकायची नाही. तुराट्यांपाशी थांबून मागं वळायची आणि त्यांच्याकडे बघायची. ते तोंड फिरवून उभे राहायचे, म्हणजे तिला माझ्याशिवाय कुणाकडे बघायला उरणार नाही. तिच्या गळ्यातला पट्टा धरायला मला पंधरा दिवस लागले. डोळे मिटून मी हात लावायचो. तसाच धरायचो.

दसरा झाला. अडीच महिने होत आले होते. एका संध्याकाळी मी त्यांना शेराच्या तोंडात घातलेल्या हाताचं मनगट खाजवताना पाहिलं. मुंग्या आल्यात, नुसत्या मुंग्या, असं ते म्हणाले. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी ते दारात आले. गिलास भरलेला होता. त्यांनी तो उचलला, ओठांपर्यंत आणला, आणि त्यांचा गळा आतून कुणीतरी खेचावा तसा ओढला गेला. पाणी अंगावर सांडलं. त्यांनी पुन्हा गिलास उचलायला हात पुढं केला. हात पुढं जाईना.

गिलास त्यांनी उंबऱ्यावर नीट ठेवला, पालथा.

“सर, मैनाला बाहेर घ्या. अन् कुणाला आत येऊ देऊ नका.”

मी तिचा पट्टा धरून अंगणात आलो. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. शेजाऱ्याला सायकलवर जिंतूरला जीप आणायला धाडलं आणि मी दारापासून चार हातांवर उभा राहिलो. वस्तीतली माणसं लांब, भिंतींच्या आडोशानं उभी होती. ऊन वर यायला लागलं. आत काही हालत नव्हतं. मैनाची जीभ बाहेर लोंबत होती.

मग दाराच्या फटीतून त्यांचा आवाज आला. दमलेला होता, पण तोच होता.

“सर, तिला पाणी पाजलं का?”

“हो,” मी म्हणालो.

पाजलं नव्हतं. अंगणात रांजण होता, घमेलं होतं. आता आतल्या माणसाचा घसा पाण्याच्या नुसत्या आवाजानंही आवळेल, हे मला ठाऊक होतं. मी मैनाच्या पट्ट्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि तांब्या हळूच रांजणात बुडवला. मग दुसऱ्या तळव्यावर धार धरून, थेंब थेंब घमेल्याच्या कडेनं सोडत, जराही आवाज होऊ न देता मी पाणी ओतायला लागलो.