गादीवाल्या मामाचा मुक्काम

आमचा मामा गाद्या भरतो. उभं आयुष्य कापसात गेल्यामुळे त्याला माणसं दिसतच नाहीत, त्यांच्या पाठी दिसतात. कुणी भेटलं की "बरंय ना?"च्या आधी "झोपता कशावर?" असं विचारतो.

अशा माणसाबरोबर यात्रेला निघू नये. मी आणि मामी निघालो. समुद्राच्या कडेकडेनं देवळापर्यंत चालत जायचं, संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करायचा, एवढा साधा बेत. पण खोली दाखवली की मामा खिडकी बघायचा नाही, समुद्र बघायचा नाही; थेट गादीत कोपर खुपसायचा. मग चेहरा असा पाडायचा, की एका घरमालकिणीनं घाबरून विचारलं, "कुणी गेलं का तुमचं?"

"पुढे बघू," मामा म्हणायचा, की आम्ही पुन्हा वाळू तुडवायला मोकळे. एका ठिकाणी तर त्यानं गादीची शिवण उसवून आत हात घातला. मालकिणीनं आम्हाला पिशव्यांसकट हाकललं, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती.

मामीच्या तळव्यांना फोड आले होते. देवापर्यंत पायीच पोचायचं हा तिचा हट्ट, म्हणून ती गप्प होती. पण एका संध्याकाळी जाळी विणणाऱ्या बाईच्या दारात तिनं चपला काढल्या.

"अहो, मी इथेच झोपणार. आता पुढे चालायला लावलंत, तर उद्या बस पकडून सरळ घरी जाईन. मी का आले नाही, ते देवाला तुम्हीच सांगा."

मामानं आत जाऊन गादी दाबली आणि तो कळवळला. "अगं, ही गादी नाही, बटाट्याचं पोतं आहे!"

"असू दे."

मामा रुसून बाहेरच्या बाकावर जाऊन झोपला.

सकाळी मामी उठेचना. दारात मामाच्या येरझाऱ्या सुरू. शेवटी ती आळस देत बाहेर आली. "कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती हो!"

मामाचं तोंड एवढंसं झालं. घरी तिची गादी तो निवडक कापसानं स्वतःच्या हातानं भरतो, दर वर्षी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरतो. एरवी मला त्याचा राग यायचा. त्या क्षणी मात्र त्याची फार दया आली.

"त्या पोत्यावर लागली? आणि आपल्या गादीवर नाही लागत?"

"आपली गादी छानच आहे," मामी म्हणाली. "पण जरा डोळा लागला की तुम्ही मला हलवून विचारता, 'कशी वाटतेय?'"

संध्याकाळी मामीनं पहिलंच घर पसंत केलं, तेव्हा तो दोन्ही हात पाठीमागे बांधून खोलीत शिरला. दिवा मालवल्यावर मामी लगेच घोरायला लागली. खिडकीतल्या चांदण्यात मला माझ्या खाटेवरून दिसलं, मामानं तिच्या दिशेनं कूस बदलली, तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. शेवटी बिचाऱ्याला राहवेना. उठून माझ्या खाटेपाशी आला आणि मला हलवून कानात म्हणाला, "तुझी कशी वाटतेय?"