मुखवट्यात नवा माणूस

आज माझ्या नातीने, रेश्माने, मोबाइल गादीवर आपटला. तिच्या लाडक्या उडणाऱ्या वीराचा पुढचा सिनेमा येतोय, पण त्यात नट नवा घेतलाय. "आजी, हा भोपळा त्याच्या जागी? आम्ही मैत्रिणी बघायलाच जाणार नाही!"

मी चष्मा लावून फोटो पाहिला. तोंड मुखवट्याने झाकलेलंच होतं. मग एवढं रडायचं कशाला?

आमच्या गावच्या बोहाड्यात देवांचे लाकडी मुखवटे घालून नाचतात. नरसिंह नाचवणारा म्हातारा गेला, तेव्हा त्याचा काटकुळा पुतण्या उभा राहिला. "ह्याला मुखवटा तरी पेलेल का?" माझी सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. संबळाचा ठेका सुरू झाला, त्या पोराने पहिली उडी घेतली, आणि सासूबाई पदर सावरत दोन हात मागे सरकल्या. माणूस मेला म्हणून नरसिंहाने काय घरी बसायचं?

तोंड झाकलं की माणूस पायांवरून कळतो. हा नवा गडी उडी कशी घेतो, ते मला बघायचंय.

"तुम्ही नका जाऊ," मी म्हणाले, "माझं एकटीचं तिकीट काढ."

"अंधारात पायऱ्या दिसतील का तुला?"

"मग दोन काढ. शिव्या द्यायच्या तर बघून दे."

तोंड वाकडं करत तिने शुक्रवारच्या पहिल्या खेळाची दोन तिकिटं काढली. शुक्रवार कधी उजाडतो, असं झालंय मला.