शॉर्टस्टॉप कोण घ्यायचा?

ऑक्टोबरात बेसबॉलचा शेवटचा सामना संपला, स्टेडियमचे दिवे विझले, की बुसानची ती गल्ली ओस पडायची. तळलेली कोंबडी विकणारे अर्धं शटर ओढून दुपारभर झोपा काढायचे. प्यो बोंगनिमच्या दुकानाला मात्र खरी जाग थंडीतच यायची.

बोंगनिम जर्सीवर नावं शिवायची. लोक कोरी जर्सी घेऊन यायचे, आवडत्या खेळाडूचं नाव सांगायचे, आणि ती कापडी अक्षरं कापून, इस्त्रीने दाबून, कडेने अशी शिवून द्यायची की जर्सी विरली तरी अक्षर उसवत नसे. उमेदीची वर्षं तिने बुटांच्या कारखान्यात घालवली होती, त्यामुळे हात मशीनवर डोळे मिटूनही चालायचा. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलीच एक जुनी मशीन तिने घरी आणली, आणि नवरा गेल्यावर त्याच मशीनवर स्टेडियमच्या गल्लीत दुकान थाटलं. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

नोव्हेंबर लागला की ती रॉकेलची शेगडी मधोमध ठेवायची, वर जवाच्या चहाची किटली. शेगडी पेटली की तीन माणसं आपोआप उगवायची. टॅक्सीवाला योम, ज्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. गणित शिकवून निवृत्त झालेले ह्वांग गुरुजी, ज्यांच्या काखोटीला कायम एक वही असायची. आणि माशाच्या वड्या तळणारा बान, जो बोलायचा कमी आणि वड्या आणायचा भरपूर.

त्या वर्षी वाद एकच होता. बुसानच्या संघाच्या शॉर्टस्टॉपने गुडघ्यापायी खेळणं सोडलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा म्हणजे सगळ्या मैदानाचा उंबरठा. तिथे माणूस नसेल तर घर उघडंच. बाजारात दोन नावं होती. सोलच्या संघातला क्वोन, तेहतीस वर्षांचा, बॅट अशी की चेंडू थेट डोंगरापल्याड. आणि इंचॉनचा जिन, सत्तावीस वर्षांचा, बॅट यथातथाच, पण हात लोण्यासारखे मऊ.

"क्वोन!" योम मांडीवर थाप मारून म्हणाला. "गुरुजी, लोक तिकीट काढतात ते चेंडू मारलेला बघायला. अडवलेला बघायला कोण येतं?"

"मी येतो," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही तर मैदानाकडे बघतच नाही. वहीत मान घालून बसता. त्या दिवशी शेजारच्या माणसाने आपल्या पाठीराख्यांची ती नारिंगी पिशवी फुगवून तुमच्या डोक्यावर चढवली तरी तुम्हाला पत्ता नाही."

"पत्ता होता. आकडा लिहायचा राहिला असता म्हणून काढली नाही."

बान खो खो हसला. योमने मोर्चा बोंगनिमकडे वळवला. "वहिनी, तुम्ही सांगा. क्वोन की जिन?"

"मी नावं शिवते, भावजी. खेळाडू निवडत नाही." तिने मान वर न करताच उत्तर दिलं. "क्वोनच्या नावात अक्षर जाड येतं, सुई अडते, एवढं मात्र खरं."

संघ स्थापन झाल्यापासून त्या जागेवर खेळलेला एकूण एका माणसाचा विषय या शेगडीभोवती निघायचा. कुणाची फेक तिरकी होती, कोण सामन्याआधी दोन वाट्या डुकराच्या मटणाचं सूप प्यायचा, कोण रडका होता. एक नाव तेवढं निघत नसे. ते निघायची वेळ आली की बान वड्यांची परात पुढे सरकवायचा, नाहीतर योमला एकदम गाडी आठवायची. ते नाव होतं मा सोकजू, म्हणजे बोंगनिमचा मुलगा.

सोकजू सहा वर्षांचा होता तेव्हापासून तिच्या घरात बेसबॉलशिवाय दुसरा विषय नव्हता. जेवायला बसला की चमचे म्हणजे खेळाडू, मुळ्याच्या किमचीची वाटी म्हणजे चेंडू टाकणारा पिचर. तोंडात भात कोंबलेला आणि बडबड चालूच. "आई, हे बघ, चेंडू इथून आला ना, की मी इकडून जाणार." ती ओरडायची, आधी गीळ. पण कारखान्यातून दमून आलेल्या त्या बाईला ती बडबड हवी असायची. शाळेच्या संघातून खेळत खेळत तो मोठा झाला, आणि एक दिवस आपल्याच गावच्या संघाने त्याला निवडलं. अगदी शेवटच्या फेरीत, पण निवडलं. बोंगनिमने त्या दिवशी गल्लीभर तांदळाचे केक वाटले.

पाच वर्षं तो दुसऱ्या फळीत खेळला. मुख्य संघात अकरा सामने. बारा वेळा बॅट हातात आली, एक चेंडू लागला. त्याने एखादी घोडचूक करून सामना घालवला असता, तर लोकांनी निदान शिव्या देताना तरी आठवण काढली असती. तसंही काही झालं नाही. तो आला, उभा राहिला, आणि एका शरदात त्याला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी येऊ नकोस. त्या पाच वर्षांत बोंगनिमच्या दुकानात एकाही गिऱ्हाइकाने त्याचं नाव शिवायला सांगितलं नव्हतं.

सोकजू गोजे बेटावर गेला आणि जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करू लागला. त्याला नऊ वर्षं झाली. वर्षातून तीनदा घरी यायचा: चांद्र नववर्षाला, पिकांच्या सणाला आणि वडिलांच्या श्राद्धाला. शेगडीभोवती माणसं दिसली की मागच्या दाराने थेट वर जायचा. बेसबॉलचा ब सुद्धा तोंडातून काढत नसे. टीव्हीवर सामना लागला की उठून भांडी घासायला घ्यायचा. बोंगनिमला वाटायचं, याने एकदा तक्रार करावी, संघाला शिव्या घालाव्यात, रडावं. तो फक्त विचारायचा, "आई, रॉकेल आहे ना पुरेसं?"

डिसेंबरातल्या एका रविवारी तिला राहवलं नाही. फोनवर तब्येतीची चौकशी झाली, थंडीचं बोलून झालं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सोकजू, क्वोन घ्यावा की जिन?"

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"आई, जेवलीस का?" तो म्हणाला.

"जेवले."

"बरं मग. ठेवतो."

तिने फोन ठेवला आणि स्वतःच्याच तोंडावर हलकेच चापट मारली. नऊ वर्षं जपलेलं एका वाक्यात घालवलं, आता श्राद्धाला तरी येतो की नाही, या घोरात तिचे दहा-बारा दिवस गेले.

पण तो आला. बेटाला जोडणारा नवा पूल त्याच महिन्यात सुरू झाला होता, त्यामुळे बोटीची वाट न बघता बसने दुपारीच पोचला. हातात बर्फाने भरलेली थर्मोकोलची पेटी होती, आत हाताएवढा लांब कॉड मासा. मागची गल्ली अरुंद, पेटी जड. त्याने पुढचंच दार खांद्याने ढकललं.

शेगडीभोवती तिघंही होते. वाद अगदी रंगात आला होता, तो कात्रीने कापल्यासारखा तुटला. बानने सवयीने वड्यांची परात उचलली, पण पुढे कुणाच्या करावी ते त्याला कळेना.

"ये ये, सोकजू. बस," गुरुजी म्हणाले.

"नको गुरुजी, मासा वर ठेवतो."

आणि योमने, ज्याच्या पोटात काही राहत नसे, तोंड उघडलंच. "अरे, मासा काय पळून जातोय? आम्ही तिघं महिनाभर डोकी फोडतोय, आणि घरात खराखुरा शॉर्टस्टॉप असताना कुणी विचारत नाही! सांग, क्वोन की जिन?"

बोंगनिमचा पाय मशीनच्या पट्टीवर तसाच थांबला. योमला उचलून रस्त्यावर ठेवावं असं तिला वाटलं.

सोकजूने पेटी खाली ठेवली. हात पँटला पुसले.

"जिन," तो म्हणाला.

"बघा!" गुरुजी.

"का पण?" योम खवळला. "क्वोनच्या वर्षभरात फक्त सहा चुका आहेत. सहा!"

"चूक लागणार कशी, काका? चेंडूला हातच लागत नाही तर." सोकजूचा आवाज खाली होता, पण थांबत नव्हता. "गेल्या जूनपासून बघा. क्वोन दोन पावलं तिसऱ्या बेसकडे सरकून उभा राहतो. त्याच्या उजव्या खांद्यात आता जोर नाही. लांब उजवीकडे जाऊन तिथून फेकायचं म्हटलं तर चेंडू पहिल्या बेसपर्यंत पोचत नाही, म्हणून तो आधीच तिकडे जाऊन उभा. मग मधली जागा मोकळी. सप्टेंबरात पावसाचा सामना झाला ना, सातव्या डावात दोन चेंडू पिचरच्या पाठीमागून गेले. टीव्हीवाला म्हणाला, काय सुंदर फटका. फटका कसला! तिथे माणूस असता तर अलगद हातात येणारा चेंडू होता."

बोंगनिम ऐकत होती. गेल्या जूनपासून, सप्टेंबरातला सामना, सातवा डाव. म्हणजे हा बघत होता. भांडी घासणारा, उठून जाणारा हा मुलगा त्या बेटावर, भाड्याच्या खोलीत, एकटा बसून सगळं बघत होता.

"उजवीकडून फेकायला एवढं काय जड असतं?" बानने विचारलं. महिनाभरातलं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं.

"हे बघा. ही मशीन म्हणजे तिसरा बेस. आई, जरा पाय घे." त्याने स्टूल दुसरीकडे सरकवलं, हा दुसरा. मग वाकला, गुडघे मोडले, टाचा उचलल्या. स्लिपर घातलेले ते पाय दोन आडवी पावलं टाकून मशीनपर्यंत गेले, डावा हात अंगासमोरून आडवा जात उलटा होऊन जमिनीलगत फिरला, उजवा पाय फरशीवर रुतला, आणि अंग उलट दिशेला जात असतानाच हात दाराकडे सुटला. हातात काहीच नव्हतं, तरी योमने डोकं खाली घातलं.

बान आधी हसला, मग सगळेच. सोकजूही हसला आणि खांदा चोळू लागला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मनगटावर बारीक पांढरे डाग पडले होते. बोंगनिमने ते आज पहिल्यांदा पाहिले.

हसणं ओसरलं तेव्हा गुरुजींनी वही उघडली होती. पाठीमागची, जुनी पानं.

"मी तुझंही लिहून ठेवलंय, सोकजू," ते जरा चाचरत म्हणाले. "अकरा सामने. एकवीस चेंडू तुझ्याकडे आले, एकवीस तू अडवले. एकही सुटला नाही."

किटलीचं झाकण तेवढं हलत होतं.

"बावीस, गुरुजी," सोकजू म्हणाला.

गुरुजींनी बोट फिरवून पुन्हा मोजलं. "एकवीसच आहेत."

"एक पावसात रद्द झालेल्या सामन्यातला."

"ते धरत नाहीत, बाळा."

"मी धरतो," तो म्हणाला, आणि मासा घेऊन वर गेला.

संध्याकाळी त्यांनी श्राद्धाचं पान वाढलं. सोकजूने वडिलांना दारू वाहिली, दोनदा दंडवत घातला. नंतर कॉडचं गरम सूप पिताना बोंगनिमने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो बाविसावा कसा आला होता रे?"

त्याने एक वाटी मधे ओढली, एक चमचा आडवा ठेवला. मग, "ओला होता," एवढंच म्हणाला, आणि चमचा उचलून जेवू लागला. ती थोडा वेळ त्या वाटीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो गेला.

जानेवारीत संघाने क्वोनशी चार वर्षांचा करार केला. योमने गल्लीत नाचून घेतलं आणि स्वतःची जर्सी पहिली शिवायला टाकली. त्यानंतर रोज क्वोन, क्वोन आणि क्वोन. गुरुजी चार दिवस रुसून आलेच नाहीत. बोंगनिमने बेटावर फोन केला.

"घेतलं बाई त्यांनी क्वोनला."

"वाचलं." सोकजू म्हणाला, "एप्रिलात मधून किती चेंडू जातात ते बघ."

एप्रिलात खरंच चेंडू गेले. पहिला गेला त्या संध्याकाळी तिचा फोन वाजला. "बघितलंस?" तो म्हणाला. "बघितलं," ती म्हणाली, आणि दोघं एक मिनिटभर क्वोनच्या पायांबद्दल बोलले. तिने नंतर तो फोन बराच वेळ उशीजवळ ठेवला होता. त्यानंतर असे चेंडू बरेच गेले. कधी फोन वाजायचा, बहुतेक वेळा नाही. त्याच्या कामाचे तास बदलले होते म्हणे. पिचरच्या पाठीमागून चेंडू निघाला की गल्लीतले लोक कपाळावर हात मारायचे, आणि बोंगनिम हातातलं काम टाकून फोनकडे बघायची.

मे महिन्यात तिने विचारलं, रविवारी येतोस का, दोघं मिळून सामना बघू. त्याला सुट्टी नव्हती. मग ती एकटीच गेली. नऊ वर्षांनी स्टेडियमच्या दारातून आत जाताना तिला पायऱ्या जास्त उंच वाटल्या. योमने आपल्या कंपूत जागा धरली होती, पण ती तिसऱ्या बेसच्या बाजूला, पाहुण्या संघाच्या लोकांत जाऊन बसली, कारण शॉर्टस्टॉपची जागा तिथून जवळ दिसते. शेजारच्या बाईने तिला उकडलेलं अंडं दिलं, आणि बुसानची असून इकडे कशा, म्हणून विचारलं.

"इथून बरं दिसतं," बोंगनिम म्हणाली.

क्वोन त्या दिवशी छान खेळला. त्याने डोंगराकडे एक चेंडू मारला तेव्हा आख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि तीही टाळ्या वाजवून बसली. डाव बदलायचा, आपली माणसं धावत आत जायची, दुसरी बाहेर यायची. त्या मधल्या दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या तांबड्या मातीवर कुणीच नसायचं. लोक तेव्हा बिअर आणायला उठत, गाणी म्हणत, पिशव्या फुगवत. बोंगनिम अंड्याचं कवच रुमालात धरून त्या मोकळ्या मातीकडे बघत राहायची, पुढचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत.