फिलेमोन मामाची मागणी

फिलेमोन मामा रस्त्याकडेची तारेची कुंपणं दुरुस्त करायचा. उईस गावापासून खोरिखास गावापर्यंतचा सगळा माळ, दगड, धूळ आणि वारा, त्याने सायकलवरच पालथा घातलेला. पाठीवरच्या पिशवीत मक्याचं पीठ, एक डबा, एक घोंगडी. काट्यांनी ट्यूबची चाळण झाली की टायरमध्ये सुकं गवत ठासायचा आणि पुढे निघायचा. भाड्याच्या गाडीत तो कधी बसलाच नाही. म्हणायचा, "तेवढ्या पैशांत आठवडाभर जेवतो मी."

माझ्या भावाच्या, उरिएलच्या, मागणीलाही तो सायकलवरच निघाला. आमच्या पिकअपमध्ये मावश्या, पातेली आणि शेळी चढली. मामाला जागा उरली नाही. "शेळीपेक्षा मी काटक आहे," म्हणत तो आदल्या दिवशीच गेला.

आमच्यात मुलगी मागायची ती आईच्या भावाने. मुलीच्या फाटकाशी जमिनीवर बसायचं, शिव्या खायच्या, उलट बोलायचं नाही. एकदा बसलं की उत्तर मिळेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. घेतला तर मागणी मोडली, पुन्हा पुढच्या वर्षी. तोवर उरिएलची लिओना किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला जाणार होती, आणि तिथून परतलेल्या मुली आम्ही फारशा पाहिल्या नव्हत्या. सकाळपासून आम्ही लिओनाच्या फाटकाबाहेर मामाची वाट बघत होतो; उरिएल नखं खात होता.

ऊन डोक्यावर असताना मामा आला. सायकल ढकलत, ओठ फुटलेले. नदीच्या कोरड्या पात्रात पडून त्याचा पाण्याचा कॅन फुटला होता. मी बाटली घेऊन धावले.

"मामा, बसू नको! आधी पाणी पी!"

पण पायांनीच दगा दिला. मामा थेट फाटकासमोर बसला. झालं, मागणी सुरू.

लिओनाची आत्या कॅटरिना कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"हे काय आणलं वाऱ्याने? बोकड की माणूस?"

मामाने पाय जवळ ओढून घेतले.

"सायकलवर मागणी! आमच्या पोरीला काय मागच्या कॅरिअरवर बांधून नेणार?"

आत बायका खिदळल्या. आत्याने पाण्याचा मग आणला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"घे, पी. कोण बघतंय?"

सगळेच बघत होते. मामाने मगाकडे पाहिलं. घसा हलला, पण गिळायला काही नव्हतं.

"लिओना द्या." आवाज फुटेना. तो पुन्हा म्हणाला, "लिओना द्या."

"तोंड तरी धुवून यायचंस!"

"लिओना द्या."

सूर्य बुडेपर्यंत ताटकळत ठेवणं हा मुलीकडच्यांचा हक्क. आत्याने सूर्याकडे पाहिलं, मग मामाच्या फुटलेल्या ओठांकडे.

"ऐक उत्तर," ती मोठ्याने म्हणाली. "नाही! उद्या ये."

आतून गलका उठला. "अगं, इतक्यात? आम्ही तर अजून तोंडही उघडलं नाही!"

"उद्या उघडा. शिव्या खायला माणूस जिवंत नको?"

'नाही' असलं तरी उत्तर मिळालं होतं. मामाने तिच्या हातातला मग घेतला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"सकाळी येऊ?"

"ये," आत्या मग भरत म्हणाली. "आणि नीट झोपून ये. माझं अजून काहीच बोलून झालेलं नाही."