गारा बघायला नांदेडहून किल्लारीला

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मोबाईलवर इशारा झळकला: लातूर जिल्ह्यात दुपारनंतर विजांसह गारपिटीची शक्यता. शहाणी माणसं अशा वेळी गाडी शेडमध्ये घालतात. मी रेहानाला फोन करून तिची गाडी बाहेर काढायला लावली.

रेहाना आणि मी नांदेडला एकाच कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, ती रसायनशास्त्र, मी भौतिकशास्त्र. गार कशी तयार होते ते फळ्यावर काढून काढून माझा हात बसलाय. पण चांगली मोठी गार हातात घेऊन कापून बघायचं राहूनच गेलं होतं. दुसरं कारण किल्लारीची माझी आत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची सासू गेली. आत्या दारातून "बाहेर या, बाहेर या" ओरडत राहिली आणि म्हातारीला उठायला उशीर झाला. तेव्हापासून काहीही गडगडलं की आत्या आधी अंगणात पळते. भूकंपात ते बरोबरच. गारांत नेमकं उलटं, आणि ती राहते एकटी. फोनवर समजावलं तर म्हणाली, "बघू की. पाय काय इचारून पळतेत व्हय?" गारा सुरू व्हायच्या आत तिथे पोचायचं ठरवूनच निघालो.

विष्णुपुरी मागे पडलं तेव्हा आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं. रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर आणि लातूर. मध्येमध्ये काम चालू असल्यामुळे वळणं घ्यावी लागतात, हाताशी वेळ ठेवून निघा. लोह्याच्या पुढे एका टपरीवर सुशीला आणि मिरची भजी खाल्ली. मुरमुऱ्याची ही सुशीला इकडे न खाता परत गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

"एवढ्या उन्हात बर्फ पडणार?" रेहाना घाम पुसत म्हणाली. "तुझं काहीतरीच चालू राहतं."

"ऊन आहे म्हणूनच पडणार." माझी गाडी सुटलीच. जमीन तापली की हवा जोरात वर चढते. वर कडाक्याची थंडी असते, पण तिथलं बारीक पाणी लगेच गोठत नाही, तसंच तरंगत राहतं. बर्फाचा एखादा कण भेटला की त्याला चिकटून गोठतं. खालून वर येणारा वारा त्या कणाला पडू देत नाही आणि तो आणखी पाणी गोळा करत फुगतो. वाऱ्याला पेलेना की गार खाली येते. लहान असेल तर वाटेत वितळून तिचा थेंब होतो. आपल्याकडचे ते टपोरे थेंबसुद्धा पुष्कळदा वर बर्फच असतात.

"म्हणजे आपण वितळलेल्या बर्फात भिजतो?" रेहानाने गाडी हळू केली. "हे मला आजवर कुणी कसं नाही सांगितलं?"

अहमदपूरच्या पुढे नैऋत्येला ढग उभे राहिले आणि मी गाडी थांबवायला लावली. एका ढगाखाली राखाडी झालरी लोंबत होत्या, पण जमिनीच्या बऱ्याच वर संपत होत्या. तो पाऊसच होता. खालच्या कोरड्या हवेत तो वाटेतच वाळून जात होता. मी रस्त्याच्या कडेला अक्षरशः उड्या मारल्या. हरभऱ्याचं खळं करणारे दोघं काम सोडून माझ्याकडे बघत राहिले.

लातूरला जेवलो. तिथल्या क्लासेसच्या गल्लीत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो तिसऱ्या मजल्यापर्यंत टांगलेले. शंभर-सव्वाशेत पोटभर थाळी मिळते, भाजी झणझणीत. पुढे औसा, लामजना करत किल्लारी. स्वतःची गाडी नसेल तर लातूरहून बस आणि जीप मिळतात.

आत्याने चहा टाकला. रेहानाने घरून आणलेल्या दोन गोधड्या गाडीच्या काचांवर बांधल्या. तेवढ्यात अंधारून आलं, गार वारा सुटला आणि समोरच्या पत्र्यावर पहिला टण्ण आवाज झाला. मग एकदम सगळी गल्ली वाजायला लागली. मी ओसरीवर आनंदाने ओरडत होते, आणि माझ्या बाजूने आत्या तीरासारखी अंगणात गेली.

ती एकटी नव्हती. समोरच्या घरातून काका आले, शेजारची जोडी आली. सगळे उघड्यावर, डोक्यावर हात धरून, घरांकडे तोंड करून उभे. या गावाला आवाज झाला की एवढंच माहीत. लिंबाएवढ्या गारा त्यांच्या पाठीवर आपटत होत्या.

मी घमेलं डोक्यावर धरून धावले. रेहानाने आत्याचा दंड पकडला.

"सोड मला, घर पडायलंय," आत्या ओढत होती.

"घर नाही पडत आत्या, आभाळ पडतंय," मी म्हणाले. "आत चल."

तिच्या कपाळावरून रक्त आलं. मी गल्लीकडे बघून जीव तोडून ओरडले, "आत या, सगळे आत या." हे शब्द माझ्याच तोंडाला चमत्कारिक लागले. काका थबकले, मग शेजारणीला धरून आत गेले. आत्याला आम्ही दोघींनी जवळजवळ उचलूनच आणलं. ती चौकटीला घट्ट धरून बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि माझा हात तिने सोडला नाही. मलाही रडू येत होतं.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं थांबलं. जखम किरकोळ निघाली. हळद लावून झाल्यावर आत्यानेच एक गार उचलून आणली. "हिच्यासाठीच आली व्हतीस ना? काप." विळीवर कापली. आत कांद्यासारखे थर, एक दुधी, एक काचेसारखा. झटकन गोठलं तिथे हवा अडकून दुधी, सावकाश गोठलं तिथे नितळ. मी सांगत गेले, आणि आत्या गार वितळेपर्यंत बोटाने ते थर मोजत राहिली.

परतल्यावर आठवडाभर मी वर्गात त्या थरांबद्दल एवढी बोलले की पोरं कंटाळली. तुम्ही गारा बघायला जाणार असाल तर पक्कं छप्पर गाठा, आणि सोबतचं माणूस कशाला घाबरतं ते आधी विचारून घ्या.

काल आत्याचा फोन आला. "पुन्हा वाजलं आज. लई वाजलं."

"मग?"

"दार उघडं ठेवलं व्हतं. पर उठले न्हाई. समोरच्यांनला बी वरडून सांगितलं, आत बसा म्हणून. पयल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं बग येळेवर."