मावशींचा मंदिराचा दगड

टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल ज्यू. मराठी आमच्याहून चोख. एका दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि कपाटातून तळहाताएवढा दगड काढला. त्यावर हिब्रू अक्षरांच्या दोन ओळी होत्या.

"ह्यांनी जेरुसलेमच्या एका दुकानातून आणला होता. जुन्या मंदिराचा आहे. तू लॅबमध्ये असतेस ना, जरा बघून सांग."

मला तिथेच शंका आली. दोन हजार वर्षांपूर्वी पाडलं गेलेलं ज्यूंचं ते मंदिर ज्या टेकडीवर होतं, तिथे रीतसर उत्खनन कधी झालेलंच नाही. खात्रीने मंदिराचं म्हणावं असं फार थोडं सापडलंय, आणि ते संग्रहालयांत आहे. मग दुकानात हा आला कुठून? पण काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "थोडं पुसावं लागलं तर?"

"कर हवं ते."

बुओना व्हिस्टाच्या आमच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी तो मायक्रोस्कोपखाली ठेवला. दगडावरचा जुना थर अक्षरांच्या कडेला तुटला होता. म्हणजे थर आधीचा, अक्षरं नंतर कोरलेली. खाचांतल्या तांबड्या मातीवरून ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर ती गोंदासकट निघून आली. खाली पांढरीफटक खाच.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, "दगड जुना आहे. अक्षरं मात्र अलीकडची."

त्यांनी तो खिडकीशी नेऊन उलटासुलटा केला. "हा माझा नाही."

"म्हणजे?"

"माझ्या दगडावरची अक्षरं तांबडी होती. कुणाला दिला होतास?"

मी फोनमधले फोटो दाखवले. आधीचा, नंतरचा, दोन्हींत तोच उडालेला कोपरा.

"फोटोत काय, हल्ली काहीही करता येतं," त्या म्हणाल्या.

आठवडाभर लिफ्टमध्ये भेटल्या तरी त्या बोलल्या नाहीत. मग एका सकाळी दारात उभ्या. हातात दगड आणि एक कपची. दगड एकदा काकांच्या हातून पडला होता, तेव्हाची ती कपची मावशींनी डबीत जपली होती. त्यांनी ती कोपऱ्याला लावली. अचूक बसली.

"तोच आहे गं. चुकलं माझं."

मी त्यांना आत बसवलं. त्यांनी दगड मांडीवर ठेवला.

"सिनेगॉगमधल्यांनी कितीदा मागितला बघायला. ह्यांनी कधी घराबाहेर नेऊ दिला नाही. अक्षरं नवी आहेत हे ह्यांना ठाऊक असेल का गं?"